ताईसाठी पाहिलेल्या मोटरसायकली

ताईने मोटरसायकल घ्यायची ठरवली तेव्हा घरातले सगळे धरूनच चालले की ती माझ्यासाठी घेतेय. मीही तसंच धरून चाललो होतो.

ऐंशीच्या दशकाचा मधला काळ. आम्ही बोरिवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या अंगाला असलेल्या एका सोसायटीत दोन खोल्यांत राहायचो. अण्णा, आमचे वडील, गिरणीत होते. संप झाला, त्यानंतर त्यांची गिरणी धड सुरू झालीच नाही आणि ते घरी बसले. आधी रोज पेपर वाचून चिडायचे, मग नुसता वाचायचे, मग तोही बंद झाला. गॅलरीत खुर्ची टाकून बसलेले असत. मी अंधेरीला एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात नुकताच लागलो होतो. घर उभं होतं ते ताईच्या जिवावर.

ताई माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. स्टेशनजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती टेक्निशियन होती. सकाळी उठून लोकांच्या घरी जायचं, उपाशीपोटीचं रक्त काढायचं, बाटल्या पिशवीत नीट बसवायच्या आणि उन्हं चढायच्या आत लॅबमध्ये पोचवायच्या. त्यासाठी तिच्याकडे एक मोपेड होती, पायडलं मारून सुरू करायची. उतारावर ती बरी धावायची. चढ आला की ताईला परत पायडलं मारावी लागत. साडीचा काठ पिनेने वर घेतलेला, खांद्याला ती पिशवी, आणि चढावर पायडलं मारणारी ताई सगळ्या बोरिवलीला माहीत होती.

एकदा दहिसरच्या पुढे ती मोपेड बंद पडली. पिशवीत रक्ताच्या बाटल्या, ऊन चढत चाललेलं, रिक्षा मिळेना. मोटरसायकलवरून जाणारा एक सरदारजी थांबला आणि त्याने तिला थेट लॅबच्या दारात सोडलं. त्या रात्री जेवताना ताईने ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "आज मी पहिल्यांदा वाहनावर बसले. माझं जे आहे ना, ते शिवणयंत्र आहे."

आई हसली. ताई हसत नव्हती.

"बुक केलेल्या स्कूटरचा नंबर लागेपर्यंत मी म्हातारी होईन," ती म्हणाली. "मोटरसायकल घेऊ या. जुनी चालेल, चांगली असली की झालं." आणि माझ्याकडे वळून, "तुला चालवता येते ना रे? मग तू बघायला चल माझ्याबरोबर."

मला चालवता येत होती. कॉलेजातल्या मित्राची गाडी हाणून हाणून मी शिकलो होतो आणि लायसन खिशात घेऊन फिरायचो, गाडी नसताना. त्या रात्री मला झोप आली नाही. ताई मला मोटरसायकल घेऊन देणार, मी तिला सकाळी पेशंटांकडे फिरवणार आणि मग तिथूनच अंधेरीला कामावर जाणार. सगळं मी मनातल्या मनात ठरवून टाकलं. तिने असं काहीही म्हटलेलं नव्हतं.

मग सुरू झाले ते रविवार. पेपरातल्या छोट्या जाहिराती ताई शनिवारीच कापून ठेवायची. सकाळी चहा झाला की आम्ही दोघं निघायचो. आई दारात विचारायची, "खंय चललास दोघां सकाळच्या पारी?" ताई म्हणायची, "गाडी बघायला." आई कपाळावर हात मारायची. "तुका बघूक लोक येवचे, तर तू गाड्ये बघीत फिरतस."

खरं सांगायचं तर तो सगळा प्रकार मुलगी बघण्यासारखाच होता. अनोळखी घरात जायचं, चहा घ्यायचा, काय शिकली विचारावं तसं किती चालली विचारायचं. मालक आपल्या गाडीचे गुण सांगणार. आपण मान हलवायची आणि खाली जाऊन उजेडात नीट बघायची.

पहिली पाहिली ती अंधेरीला, सात बंगल्याच्या बाजूला. मालक गल्फला निघालेला, घरभर उघड्या सुटकेसा. गाडी मोठी, काळी, पोलिसांकडे असते तसली. खाली जाऊन मी तिच्यावर पाय टाकला तेव्हा पहिली गोष्ट जाणवली ती वजन. स्टँडवरून काढताना ती माझ्या बाजूला कलली आणि क्षणभर वाटलं, ही आता मला घेऊन झोपणार. किक मारायची तिची एक रीत होती. हेडलाइटजवळच्या मीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत हळूहळू किक दाबायची, मग एकदम सोडायची नाही, पूर्ण वजन टाकायचं. तिसऱ्या-चौथ्या खेपेला ती बोलायला लागली. तो आवाज कानात येत नाही, बरगड्यांत येतो. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला, मी शिकलो त्याच्या बरोबर उलट. मी दोनदा ब्रेक समजून गिअर दाबला आणि मालकाने डोळे मिटून घेतले.

ताई मागे साडीत, एका बाजूला पाय सोडून बसली. आम्ही वर्सोव्याच्या दिशेने निघालो. सकाळचा रस्ता मोकळा, एका कडेला मासळी वाळत घातलेली. ती गाडी घाई करत नव्हती. तिला घाई नाही हे माझ्या मनगटांना कळत होतं. खड्डा आला तर ती खड्ड्यालाच खाली दाबून पुढे जायची. मला एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं, लग्न झालेला, दोन मुलांचा बाप असल्यासारखं.

परत आल्यावर ताईने गाडीभोवती एक फेरी मारली. हँडल धरून जरा हलवून बघितलं. मालकाला म्हणाली, कळवते. कोपऱ्यावर आल्यावर मी विचारलं, "कशी वाटली?"

"चांगली आहे. पण भारी आहे रे. पडली तर उचलायची कोणी?"

"मी उचलेन की."

तिने माझ्याकडे जरा विचित्र बघितलं आणि बसची रांग गाठली.

पुढचा रविवार घाटकोपरला. एका गुजराती कुटुंबाची दोन सायलेन्सरवाली जुनी गाडी होती. मालकाचं कपड्याचं दुकान होतं आणि त्याला आता गाडीवर गाठोडी बांधून फिरायची गरज उरली नव्हती. त्याच्या आईने आम्हाला बळेच बसवलं, गाठिये आणि तळलेल्या मिरच्या पुढे ठेवल्या. तिला वाटलं आम्ही नवराबायको. ताईने "माझा भाऊ" म्हटल्यावर ती इतकी खूश झाली की आणखी एक बशी आली. मालक खाली येईपर्यंत आम्ही पोटभर खाल्लं होतं.

त्या गाडीची एक गंमत होती. किक आणि गिअर यांना एकच दांडा. उभा करून किक मारायची आणि सुरू झाली की तोच दांडा पुढे पाडून गिअर घालायचा. मला ती युक्ती इतकी आवडली की मी दोन वेळा उगाच बंद करून परत सुरू केली. सुरू झाली की मागे निळसर धूर आणि तेल जळल्याचा गोड वास. आवाज मोठ्या गाडीसारखा जड नव्हता, डब्यात फुटाणे उडावेत तसा. टाकीला पितळेसारखी चमकणारी पट्टी, तिच्यावर मालकाने रोज फडकं मारलेलं दिसत होतं. चौकापर्यंत जाऊन वळताना ती अगदी सहज, जणू माझ्या मनातलं ओळखून कलली. ही साधीसुधी, कामाला वाघ गाडी आहे हे पहिल्या पाच मिनिटांत कळलं.

पण मला तेव्हा कामाला वाघ नको होती. मी चोवीस वर्षांचा होतो.

"ही घ्यायला हरकत नाही," ताई म्हणाली.

मीच नाही म्हटलं. धूर फार काढते, सायलेन्सर सडतील, दोन महिन्यांत वाट लागेल, असं काहीबाही सांगितलं. ताईने ऐकून घेतलं. "तुला कळतं त्यातलं," ती म्हणाली. मुलुंडच्या एका गाडीची जाहिरात मी त्याच आठवड्यात शोधून काढली होती आणि तिच्याबद्दल मी ताईला अजून नीट सांगितलं नव्हतं.

मुलुंडची गाडी म्हणजे तेव्हाच्या पोरांच्या स्वप्नातली. जपानी बनावटीची, साडेतीनशे सीसीची, दोन सिलिंडर. रस्त्यावर ती फार कमी दिसायची आणि दिसली की माणसं चालायची थांबून बघायची. मालक माझ्याच वयाचा होता. त्याचं लग्न ठरलं होतं आणि सासऱ्याने पहिली अट घातली होती ती ही गाडी विकायची. तो चावी देताना हात मागे घेत होता. "पहिल्या दोन गिअरमध्ये सांभाळून," म्हणाला. "आधी झोपलेली असते. मग एकदम जागी होते."

मी एकटाच आधी निघालो. चेकनाक्याकडे जाणारा रस्ता रविवारचा रिकामा, दोन्ही बाजूंना कारखान्यांच्या भिंती. सुरुवातीला खरंच काही विशेष वाटेना. मग मूठ आणखी जराशी पिळली आणि माझ्याखाली काहीतरी उसळलं. हात लांब झाले, मान मागे गेली, भिंतींवरची अक्षरं वाचता येईनाशी झाली.  मी ओरडलो असेन, पण मला ऐकू आलं नाही. थांबवताना लक्षात आलं की ती पळते जितक्या पटकन, तितक्या पटकन थांबत नाही. मला रडावंसं वाटत होतं, आनंदाने.

परत येऊन ताईला मागे घेतलं. तिने खांदा धरला होता. मूठ पिळली तेव्हा तिने माझा शर्टच मुठीत धरला आणि पाठीवरची शिवण टर्रकन उसवली. थांबलो तर ती उतरली, पदर सारखा केला. तिचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं आता बोलणी बसणार.

"एकदा मी चालवून बघते," ती म्हणाली.

मी हसलो. मालकही हसला. ताई तशीच उभी राहिली, हात पुढे करून, चावीसाठी.

"मॅडम, ही लेडीजची गाडी नाही," मालक म्हणाला. बोलायची पद्धत वाईट नव्हती, काळजीची होती.

"मी मोपेड चालवते. चालवणार नाही, नुसती सुरू करून बसते. घ्यायची मलाच आहे, तर बसून तरी बघू दे."

घ्यायची मलाच आहे. हे मी ऐकलं आणि तरी माझ्या डोक्यात ते शिरायला वेळ लागला. तिने साडी गुडघ्यापर्यंत खोचली, सीटवर बसली, दोन्ही पायांचे फक्त चवडे जमिनीला टेकत होते. तिने किक मारली. पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा किकने उलटा झटका दिला आणि दांडा तिच्या नडगीवर बसला. ती ओरडली नाही. ओठ दाबून हळूच उतरली, मालकाला थँक यू म्हणाली आणि लंगडत चालायला लागली.

स्टेशनजवळच्या उडप्याकडे आम्ही बसलो. मी बर्फ मागून घेतला, रुमालात बांधून तिला दिला. तिने टेबलाखाली पाय लांब करून नडगीवर धरला. कॉफी आली, थंड व्हायला लागली.

"तुला काय वाटलं होतं?" तिने विचारलं.

"मला वाटलं माझ्यासाठी."

"तुझ्यासाठी?" तिला खरोखर आश्चर्य वाटलं होतं. "तू कामावर जाणार आणि मी सकाळी कशी फिरणार? तुझ्या मागे बसून?"

"हो. म्हणजे मी सोडलं असतं तुला."

"रोज? वीस घरी?" ती थोडा वेळ बर्फ हलवत बसली. "अरे, कोणीतरी सोडायला पाहिजे म्हणून थांबत राहिले तर मी अजून त्या दहिसरलाच उभी असेन ना." मग तिचा आवाज जरा खाली आला. "त्या माणसाच्या मागे बसले होते ना, तेव्हा मी सबंध वेळ त्याचे हात बघत होते. कुठल्या हाताने काय करतो ते. मला वाटलं, हे मला येईल."

 साडेतीनशेची ती उसळी अजून माझ्या अंगात होती आणि ती आता कधीच माझी होणार नव्हती. थोडा रागही आला. पण समोर ताई बसली होती, नडगीला बर्फ लावून, आणि तिने आमच्या घरात आजवर स्वतःसाठी असं काहीच मागितलं नव्हतं.

"शंभरची बघू," मी म्हटलं. "हलकी असते. आधी शिक मात्र."

माझ्या ऑफिसातल्या एका मित्राने नवी शंभरची गाडी घेतली होती. दुसऱ्या कोणाला तो हातही लावू देत नसे. मी त्याला सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "तुझी ताई? घेऊन जा यार." रविवारी सकाळी मी ती घरी आणली. ताई आतून बाहेर आली ती पंजाबी ड्रेसमध्ये, मैत्रिणीकडून मागून आणलेल्या. ती मोठी झाल्यापासून साडीऐवजी दुसऱ्या कपड्यांत मी तिला पहिल्यांदाच बघत होतो. आईने तोंडाला पदर लावला. "अगो, शेजारी बघतत," एवढंच म्हणाली. ताईने केसांची वेणी ओढणीत गुंडाळली आणि ओढणी कमरेला घट्ट बांधली.

आम्ही चारकोपला गेलो. तेव्हा तिथे नुकते सेक्टर पाडले होते. रस्ते झालेले, घरं नाहीत. डांबराची लांबच लांब रिकामी पट्टी, बाजूला सिमेंटचे मोठे पाइप रचलेले, पलीकडे खाडीचा चिखल आणि त्याचा वास. पाखरं सोडली तर कोणी नाही. शिकायला याहून चांगली जागा मुंबईत नव्हती.

क्लच हा प्रकार तिला मुळीच माहीत नव्हता. मोपेडला मूठ पिळली की जायचं. इथे एक हात सोडायचा, दुसरा पिळायचा, आणि दोन्ही एकमेकांना धरून. गाडी उडी मारायची आणि बंद पडायची. उडी मारायची, बंद पडायची. मी शेजारून पळत होतो. "सोड, हळू सोड, अगं एकदम नको." ती चिडून म्हणाली, "तू ओरडू नकोस, मला गाडीचा आवाज ऐकू येत नाही." मग मी पाइपावर जाऊन बसलो. त्यानंतर तिला जमलं. पहिला गिअर, थोडं अंतर, दुसरा. ती सरळ गेली, गेली आणि वळता न आल्यामुळे वाळूच्या ढिगात शिरली. मी धावलो तोवर तिने गाडी उभी केली होती, एकटीने.

"उचलता येते," ती म्हणाली. तोंडात वाळू होती.

असे चार-पाच रविवार गेले असतील. मित्र गाडी देत राहिला. एका रविवारी आम्ही सुरुवात करून थोडाच वेळ झाला होता आणि लांबून एक माणूस येताना दिसला, पांढरा लेंगा, छत्री बगलेत. अण्णा होते. बसने कांदिवलीपर्यंत येऊन तिथून चालत आले होते. आम्ही कुठे जातो हे त्यांना आईने सांगितलं असणार. गेल्या दोन वर्षांत ते सोसायटीच्या फाटकाबाहेर क्वचितच गेले असतील.

 पाइपावर रुमाल पसरून माझ्या शेजारी बसले. ताई दूरच्या टोकाला होती. ती वळून आली, अण्णांना बघितलं आणि घाबरली असावी, कारण आमच्या समोरच गाडी बंद पडली. तिने परत किक मारली. पुन्हा गेली, पुन्हा आली. अण्णा तिच्याकडेच बघत होते, गॅलरीतून बघायचे तसं नाही, तर नीट, डोळे बारीक करून.

तिसऱ्या की चौथ्या फेरीला त्यांनी हात वर केला. ताईने थांबवली.

"माका बसव गो पाठी," अण्णा म्हणाले.

ताईने माझ्याकडे बघितलं. मागे कोणाला घेऊन तिने एकदाही चालवली नव्हती. "अण्णा, मी अजून शिकतेय. पाडेन तुम्हाला."

"पडलंव तर पडलंव," अण्णा म्हणाले आणि छत्री माझ्या हातात देऊन मागे बसले, पाय दोन्ही बाजूंना टाकून, लेंगा वर ओढून. एक हात त्यांनी तिच्या खांद्यावर ठेवला.

गाडी निघाली तेव्हा उडी मारली नाही. मी अजून तो आवाज ऐकू शकतो, शंभरचा तो बारीक, एकसुरी सूर, लांब जाताना आणखी बारीक होत गेलेला. पार टोकाला त्या दोघांचा एक ठिपका झाला. तिथे वळण होतं आणि वाळूचा तो ढीग. मी उभा राहिलो. ठिपका जरा डगमगला, मग परत मोठा व्हायला लागला. जवळ आल्यावर दिसलं, अण्णांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. वाऱ्याने असेल. उतरून त्यांनी ते पुसलं आणि विचारलं, "एका फेरीक पॅट्रोल किती जळता?" गिरणी बंद झाल्यापासून त्यांनी आपणहून कशाची चौकशी केल्याचं मला आठवत नव्हतं. ताई त्यांना सांगत राहिली, टाकी किती, लिटरला किती जाते. ते मान हलवत होते.

लायसनच्या परीक्षेला ती अंधेरीला गेली तेव्हा मी ऑफिसातून जेवणाच्या सुट्टीत पळत तिथे पोचलो. इन्स्पेक्टरने तिला दोनदा विचारलं की मोपेडचं की मोटरसायकलचं. मग आठाचा आकडा काढायला सांगितला. रांगेतले सगळे पुरुष बघत होते. तिने पाय न टेकता आठ काढला आणि कोणी न सांगता आणखी एक काढला. इन्स्पेक्टरने सही केली आणि पुढच्याला म्हणाला, "आता तुम्ही असा काढून दाखवा."

शेवटची गाडी पाहिली ती बोरिवलीच्याच एका शोरूममध्ये. जुनीचा विचार तिने सोडून दिला होता. लॅबच्या डॉक्टरांनी पगारातून थोडं थोडं कापून घ्यायचं कबूल केलं होतं. सेल्समन सगळं मलाच सांगत होता. पिकअप, मायलेज, इंडिकेटर. मी दर वेळी ताईकडे बोट दाखवायचो, तो पुन्हा माझ्याकडेच वळायचा. शेवटी ताई म्हणाली, "ट्रायल देता का?" आणि तो मला चावी द्यायला लागला. मी हात पाठीमागे घेतले.

ती गेली. मी आणि तो सेल्समन फुटपाथवर उभे राहिलो. त्याला घाम फुटला होता. "बहनजी को आती है ना पक्की?" त्याने दोनदा विचारलं. आली तेव्हा उन्हाने तापलेली, वेणी सुटलेली, आणि हायवेकडून वळताना तिने ती लाल गाडी अशी अलगद आत घेतली की तो सेल्समन नुसता बघत राहिला. मी आजवर पाहिलेल्या गाड्यांपैकी कुठलीच कोणाला इतकी शोभली नव्हती.

"कशी आहे?" मी विचारलं.

ताईने सांगायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, ही हातात असताना दुसरं काही आठवत नाही. म्हणाली, चौथ्या गिअरमध्ये पडली की आवाज येतच नाही, नुसता वारा. मग म्हणाली, "जाऊ दे, तू चालवून बघ," आणि स्वतःची होऊ घातलेली गाडी आधी मला दिली.

मी पार्कच्या फाटकापर्यंत जाऊन आलो. हलकी, चटपटीत, जरा उतावळी. मुलुंडची ती उसळी तिच्यात नव्हती. पण मी खरं तेच सांगितलं, "झकास आहे, घे."

सोसायटीत पहिले काही महिने बरंच बोललं गेलं. ताईला बघायला आलेल्या एका स्थळाच्या मंडळींनी गाडी कोणाची विचारलं आणि उत्तर ऐकून चहा अर्धा ठेवला. आई आठवडाभर बोलली नाही कोणाशी. ताईला त्याचं काही वाटलं असेल तर तिने दाखवलं नाही. सकाळी तिची किक ऐकली की लोक घड्याळ न बघता उठायला लागले. चारकोपला घरं झाली, माणसं राहायला आली, आणि त्यातली कितीतरी तिचे पेशंट झाले. मोपेडवर कधीच जाता आलं नसतं इतक्या लांबून बोलावणी येऊ लागली. पुढे तिने त्याच भागात स्वतःची लहानशी लॅब काढली.

अण्णांना नंतर साखर निघाली. पायाला जखम झाली ती भरेना, आणि दर आठवड्याला ड्रेसिंगसाठी कांदिवलीला दवाखान्यात न्यावं लागे. मी रिक्षा आणतो म्हणालो की ते म्हणत, नको, ती येऊ दे. ताई यायची, खाली हॉर्न द्यायची. अण्णा जिना उतरायला बराच वेळ घ्यायचे आणि मग त्याच जुन्या पद्धतीने मागे बसायचे, पट्टी बांधलेला पाय जपून.

एकदा ते दोघं गेले आणि दुपार झाली तरी परतले नाहीत. आई गॅलरीत उभी, मी जेवायचा थांबलेलो. शेवटी गाडी फाटकातून आत आली. अण्णा हळूहळू वर आले. त्यांच्या चपलेला ओली वाळू लागली होती आणि केस वाऱ्याने उभे राहिले होते.

"एवडो उशीर कित्याक?" आईने विचारलं.

"दवाखान्यात गर्दी होती," अण्णा म्हणाले आणि चपला धुवायला मोरीत गेले. ताई खाली गाडी स्टँडवर लावत होती. तिने वर बघितलं नाही.